तायडे मॅडमची पंगत

तायडे मॅडमसमोर चष्मा पुसायची आमच्या कॉलेजात कोणाची हिंमत होत नसे. चष्मा पुसणारा माणूस काच गोल गोल चोळतो, ही जगाची रीत. मॅडमना ते बघवत नसे. त्या बोलणं अर्ध्यावर सोडून उठायच्या, समोरच्याच्या हातातून चष्मा काढून घ्यायच्या आणि पर्समधलं पांढरं फडकं काढून काचेवरून हात फिरवायच्या. वरून खाली. हात उचलायचा, पुन्हा वरून खाली. उलटा हात एकदाही नाही. विद्यापीठाचं पथक आलेलं असताना भर बैठकीत त्यांनी प्राचार्यांचा चष्मा असाच ताब्यात घेतला. प्राचार्य मिचमिच्या डोळ्यांनी पथकाकडे बघत राहिले आणि पथक मॅडमच्या हाताकडे. चष्मा परत देताना मॅडम म्हणाल्या, "हात एका दिशेनं चालला पाह्यजे सर, डोकं चारी दिशेनं." आमच्या प्राचार्यांचं नेमकं उलटं होतं असं आम्हा सगळ्यांचं मत होतं, पण ते बोलून कोण दाखवणार?

मी त्या कॉलेजात मराठी शिकवायचो. रसायनशास्त्राशी माझा संबंध चहात साखर विरघळते एवढाच. तरी डॉ. सुजाता तायडे यांच्याशी माझं जमलं, याचं श्रेय माझ्या स्वभावाला नाही, माझ्या टेबलाला आहे. स्टाफरूममध्ये ते खिडकीपाशी होतं आणि तिथं चांगलं ऊन यायचं. मॅडम तास संपवून यायच्या, पर्समधून काचेची एक लहानशी पट्टी काढायच्या, ती माझ्या डोक्यावरून उन्हात धरायच्या आणि दुसऱ्या हातानं एक काळा गॉगल डोळ्यासमोर धरून त्याला गाडीच्या स्टिअरिंगसारखं फिरवत बसायच्या.

पहिल्यांदा मी काळजीनं विचारलं, "मॅडम, डोळ्यांचा काही त्रास?"

"नाही हो काळे सर. पंगत बसली का नाही, ते पाहून राह्यली."

कोणाची पंगत, कुठली पंगत, हे विचारायची चूक मी केली. त्यानंतर कित्येक वर्षं मला ते ऐकावं लागलं, आणि आज मी ते तुम्हाला सांगतो आहे.

मॅडमचा विषय होता रंग. रंग म्हणजे कापड रंगवायचा असतो तसलाच, पण त्याचा सुटा सुटा रेणू. हे रेणू चपटे असतात. पाण्यात विरघळले की आठवडी बाजारातल्या माणसांसारखे वाटेल तिकडे तोंड करून हिंडतात. पण पाणी थोडं गार झालं, त्यात थोडं मीठ पडलं, की कोणी न सांगता, कोणी हात न लावता ते एकमेकांना धरून रांगेत बसतात. मॅडमच्या भाषेत ही पंगत. आणि पंगत बसली की रंगच बदलतो.

हे मी मानायला तयार नव्हतो. तेव्हा त्यांनी स्टाफरूममध्ये एक परीक्षानळी आणली. आत नारिंगी पाणी. त्यात चिमूटभर मीठ टाकलं, नळी माठाच्या ओल्या अंगाला लावून धरली, आणि बघता बघता नारिंगीचं गुलाबी झालं. मग माझ्या समोरचा गरम चहाचा ग्लास ओढून त्यांनी नळी त्यात उभी केली. गुलाबी गेलं, नारिंगी परत आलं.

"उठली पंगत," मॅडम म्हणाल्या. "आता गार करा, पुन्हा बसते. रेणू तोच, रंग दुसरा. काऊन? तं तो एकटा नाही राह्यला म्हणून."

"आणि माझा चहा?"

"तो नका पिऊ."

त्या म्हणायच्या, बसण्याच्याही दोन तऱ्हा आहेत. भाकरीवर भाकरी ठेवून चवड लावावी तसे रेणू बसले तर रंग एकीकडे सरकतो. घरावर कौलं घालतात तसे, प्रत्येक जण खालच्यावरून थोडा पुढे सरकून बसला, तर रंग दुसरीकडे सरकतो आणि असा काही नेमका, टोकदार होतो की यंत्र तो लगेच पकडतं. त्या यंत्राचा आलेख मी पुष्कळदा पाहिला. रेणू सैरावैरा असले की आलेखावर बैलाच्या वशिंडासारखा गोल उंचवटा. कौलं नीट बसली की बाभळीचा काटा. पाण्यात ही कौलं बसवणं जगाला जुनंच ठाऊक होतं. मॅडमना ती काचेवर बसवायची होती, तीही सगळी एकाच दिशेला तोंड करून. काचेवर रंगाचा असा शिस्तीतला थर मिळाला तर उजेड पकडायला, वळवायला, ओळखायला त्याचे हजार उपयोग, असं त्या सांगायच्या. उपयोग मी विसरलो. काटा मात्र लक्षात राहिला, कारण स्टाफरूममध्ये माझा रोजचा प्रश्नच तो झाला होता.

"काय मॅडम, आज वशिंड का काटा?"

"वशिंड," असं उत्तर असलं की त्या दिवशी त्यांच्याशी कोणी बोलू नये.

त्यांचं चरित्र सांगायचा माझा विचार नाही. त्या वरवट बकाल या गावच्या. वडील लवकर गेले, आई शेवंताबाईंनी आधी लोकांच्या शेतात आणि मग स्वतःच्या तुकड्यात राबून मुलीला शिकवलं, एवढं पुरे. मॅडम रोज वरवटहून एसटीनं कॉलेजला यायच्या आणि येताना आईनं दिलेल्या फडक्यांची चळत घेऊन यायच्या. शेवंताबाईंची जुनी पांढरी लुगडी फाडून, कडा शिवून केलेली ती फडकी. प्रयोगशाळेतली काच फक्त त्याच फडक्यानं पुसायची, तीही शुद्ध पाण्यात जरा ओली करून. बाजारातून आणलेला कापूस किंवा कागद त्यांना चालत नसे. "जुन्या लुगड्याइतकं मऊ जगात काई नसते," त्या म्हणायच्या. एका दिशेनं पुसायची शिकवणही शेवंताबाईंचीच. घरात कंदील होता तेव्हा लहानग्या सुजानं त्याची काच उलटसुलट घासली की माय म्हणायची, "असं केल्यानं उजेड फाटते." उजेड फाटतो म्हणजे काय, हे मॅडमनी पुढं शोधून काढलं असं म्हणायला हरकत नाही.

बोलण्याच्या बाबतीत त्यांनी कधी हार मानली नाही. मी साखरखेर्ड्याचा. आमच्याकडे 'मला', 'तुला' म्हणतात, त्यावरून त्या मला छेडायच्या. "तुम्ही जालन्याकडले, तुमची जीभ गुळगुळीत. आम्ही खारपाणपट्ट्यातले लोक." पूर्णेच्या त्या पट्ट्यात जमिनीखालचं पाणी खारं असतं. बोअरचं पाणी धुण्याभांड्याला आणि नळाचं गोडं पाणी पिण्याला, हा तिथल्या प्रत्येक घरचा कायदा. गोडं पाणी धुण्यात घालवणारी सून तिथं उधळी ठरते. त्या खाऱ्या पाण्यात धुतलेलं कापड वाळलं की पापडासारखं होतं, मग ते दोन्ही हातांनी चुरगाळून मऊ करून घ्यायचं. हे मी तुम्हाला मुद्दाम सांगतो आहे. मॅडमना ते कोणी सांगावं लागलं नव्हतं आणि तिथंच सगळी गोम होती.

तर एक दिवस मी विचारायच्या आधीच त्या दारातून म्हणाल्या, "काटा."

काचेवर काटा आला होता. एकदा नाही, पुन्हा पुन्हा. आणि गॉगल फिरवला की तीच काच आधी उजळ, मग काळी. तो गॉगल साधा नव्हता. उजेडाच्या लाटा एकाच ठरावीक दिशेनं डोलत असतील तरच तो त्यांना आत सोडायचा. काच त्यातून उजळ-काळी होते याचा अर्थ सगळी पंगत एका दिशेला तोंड करून बसली आहे. मॅडमनी माझ्या हातात गॉगल दिला. मी फिरवला, काच काळी झाली, आणि खरं सांगतो, काहीही न कळता माझ्या अंगावर काटा आला.

"पाह्यलं? कोनी बसा म्हटलं नाही, कोनी ऊठ म्हटलं नाही," त्या म्हणाल्या. मग हळू आवाजात, "अशी पंगत मायनं कधी पाह्यली नाही हो."

शेवंताबाईंच्या लहानपणी गावात कोणत्या पंगती होत्या आणि त्यात कोणाला कुठं बसवत, हे मला ठाऊक होतं. मी गॉगल पुन्हा डोळ्यासमोर धरला.

त्यावरचा मॅडमचा शोधनिबंध छापून आला. प्राचार्यांनी फलकावर अभिनंदन लिहिलं, त्यात 'रसायनशास्त्रीय'मधला 'त्री' ऱ्हस्व का दीर्घ हे ठरेना म्हणून मलाच बोलावलं. सहा-आठ महिने बरे गेले. मग पुण्याच्या एका मोठ्या प्रयोगशाळेतून मेल आला. त्यांनी मॅडमच्या कृतीप्रमाणे सगळं केलं होतं. काटा आला नाही. वारंवार करूनही नाही. त्यांचं म्हणणं असं की मूळ प्रयोगातली काच अस्वच्छ असावी आणि दिसलेला परिणाम त्या मळाचा असावा. मॅडमनी येऊन त्यांच्यासमोर करून दाखवावं, नाहीतर निबंध मागे घेणं उचित ठरेल.

त्यात तसं चुकीचं काही नव्हतं. विज्ञानात असंच विचारतात म्हणे. पण मॅडमचा चेहरा मी त्या दिवशी पाहिला.

"चूक म्हनले असते तं चाललं असतं," त्या म्हणाल्या. "चूक कोनाचीबी होते. मळकं म्हनले."

ज्या घराच्या सावलीलाही लोक मळ समजत, त्या घरात शेवंताबाईंनी आयुष्यभर भांडी राखेनं घासून आरशासारखी ठेवली. त्यांच्या मुलीच्या काचेला कोणी मळकी म्हणावं, हे किती लागेल ते पुण्याच्या त्या सज्जनांना कळणं शक्य नव्हतं. मला कळत होतं आणि मला राग आला होता. निबंध मागे घेतला तर पुढं त्यांच्या कुठल्याही आलेखावर कोणी विश्वास ठेवला नसता. पण मॅडमना त्याहून मोठं भय वेगळंच होतं. "माय विचारीन, काऊन मागं घेतलं? तं काय सांगू? काच नीट पुसली नाही म्हणून?"

माझी मुलगी पुण्यात असते. मी म्हणालो, "चला, मीही येतो. तुम्ही प्रयोग करा, मी नातवाला खेळवतो."

जाताना मॅडमनी आईची फडकी घरीच ठेवली. मी विचारलं तर म्हणाल्या, "त्याहीच्याच काचा, त्याहीचाच रंग, त्याहीचंच फडकं. उद्या कोनी म्हनू नये की मॅडमच्या गाठोड्यात जादू होती." हा स्वाभिमान होता. आणि हीच त्यांची त्या प्रवासातली सर्वांत मोठी चूक होती.

नातवाला खेळवायचं राहून गेलं. पहिल्या दिवशी मी प्रयोगशाळेतच एका कोपऱ्यात खुर्चीवर बसलो. सगळं चकाचक. काचा तर अशा की त्यांना स्वच्छतेचा कंटाळा आला असावा. प्रमुख वयस्क, मृदू बोलणारे गृहस्थ. मॅडमनी कृती सांगायला सुरुवात केली, "आधी काच ओल्या फडक्यानं पुसून राह्यली मी, मंग..." तेव्हा ते अदबीनं म्हणाले, "आपण जरा प्रमाण भाषेत सांगाल का? आमच्याकडे सगळ्यांना सवय नाही."

मॅडम म्हणाल्या, "इंग्रजीत सांगतो न सर. ते कोनाच्याच घरचं नाही, भांडण मिटलं." आणि खरंच पुढची सगळी कृती त्यांनी खणखणीत इंग्रजीत सांगितली. एक संशोधक मुलगी तोंड वळवून हसली. ती हसली ते मॅडमच्या बाजूनं, हे मी टिपून ठेवलं.

पण रेणूंना भाषेशी काय देणंघेणं? यंत्रावर आलं वशिंड. दुसरी काच, वशिंड. दुपारी तिसरी, चौथी. वशिंड. मॅडम तिथल्या खास कागदानं काच वरून खाली पुसत होत्या, कृतीत काडीचा फरक नव्हता. संध्याकाळी प्रमुख म्हणाले, "उद्याचा दिवस आहेच. पण आपण मनाची तयारी ठेवलेली बरी." अपमान करायचा तोही शाल पांघरून, ही पुण्याची हातोटी. त्यांच्या मनात तसं नसेलही. मॅडमनी मान हलवून "हाव" म्हटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी मुलीनं दिलेला पोह्यांचा डबा घेऊन अतिथीगृहावर गेलो. म्हटलं, समजूत घालावी, दोन गोड शब्द बोलावेत. मॅडम गॅलरीत उभ्या होत्या. कठड्यावर त्यांचे स्वतःचे, रोजच्या वापरातले दोन पांढरे रुमाल शेजारी शेजारी पसरलेले.

"काळे सर, हात लावून पाहा."

मी एकाला हात लावला. मऊ. दुसऱ्याला लावला. ताठ, कोपरा धरला तर उभा राहील असा.

"हा धुतलेला दिसतोय आणि हा धुवायचा राहिलाय," मी म्हणालो.

"दोन्ही धुतलेले हायेत. एकाच लुगड्याचे हायेत. हा काल सकाळी मी इथं धुतला. हा मायनं तिकडे धुतलेला, अजून घडी बी मोडली नोती."  त्या गॅलरीतल्या खुर्चीवर बसल्या आणि हसायला लागल्या. हसता हसता डोळ्यांतून पाणी आलं. "मीठ, काळे सर. मीठ. माह्या फडक्यात मीठ हाये. आयुष्यभर मी परीक्षानळीत मीठ मोजून टाकून राह्यली आन् मायच्या फडक्यातलं मले दिसलं नाही."

"पण तुम्हाला ठाऊक नव्हतं का तिथलं पाणी खारं आहे?"

"ते कोनाले ठाऊक नाही? पन आमच्यासाठी ते पानी हाये, मीठ नाही. मीठ डब्यात राह्यते."

याहून खरं वाक्य मी विज्ञानाच्या माणसाकडून ऐकलेलं नाही. ओल्या फडक्यातलं खारं काचेवर उतरत होतं, त्याच्या जोरावर रंगाची पंगत बसत होती, आणि वरून खाली फिरणारा हात तिला दिशा देत होता. पुण्याच्या काचेवर दिशा होती, मीठ नव्हतं. पोहे तसेच राहिले. मॅडम ताठ रुमाल पर्समध्ये घालून निघाल्या आणि मी डबा हातात धरून त्यांच्यामागं.

त्या दिवशी मॅडमनी जे केलं ते मी माझ्या विद्यार्थ्यांना शेवटच्या तासापर्यंत सांगत आलो, विषय काही का असेना. त्यांनी रुमाल गुपचूप वापरला नाही. तो वापरून काटा काढून दाखवला असता तरी काम झालं असतं. त्यांनी सगळ्यांना जवळ बोलावलं आणि दोन्ही रुमाल टेबलावर ठेवले.

"काल माह्यं चुकलं," त्या म्हणाल्या, आणि या वेळी इंग्रजीत नाही. "कृती लिहिताना एक गोष्ट मी लिहिलीच नाही, कारन ती मले दिसतच नोती. आज ती घेऊन आली. हा रुमाल इथल्या पान्यात धुतला. हा आमच्या गावच्या. दोन्हीनं पुसून पाहू."

प्रमुखांनी प्रमाण भाषेचा आग्रह धरला नाही.

मऊ रुमाल शुद्ध पाण्यात ओला करून एक काच पुसली, वर रंगाचा थर दिला. यंत्रावर वशिंड. ताठ रुमालानं दुसरी पुसली. आम्ही सगळे पडद्याकडे बघत होतो. रेघ सपाट चालली, चालली, आणि एकदम सरळ वर चढून तशीच खाली आली. मी खुर्चीवरून उठलोच.

"काटा," मी म्हणालो. एवढ्या विद्वानांत पहिला शब्द मराठीच्या मास्तरचा पडला.

मॅडम थांबल्या नाहीत. म्हणाल्या, गावाकडून रुमाल आणून जगाचं विज्ञान चालणार नाही. तो मऊ रुमाल त्यांनी घेतला, शुद्ध पाण्यात मोजून मीठ विरघळवून त्यात बुडवला, भट्टीत वाळवला. वाळून आला तो पापड होऊन. त्यानं तिसरी काच पुसली. काटा आला, पण टोक जरा बोथट. "आमच्या पान्यात नुसतं खायचं मीठ नसते," असं म्हणत त्यांनी मॅग्नेशियमचं मीठ मागवलं आणि पुन्हा सगळं केलं. या वेळचा काटा पायात मोडेल असा होता.

शेवटची काच त्यांनी त्या संशोधक मुलीला पुसायला दिली. ती बिचारी घाबरून गोल गोल चोळायला लागली. काटा आला खरा, पण गॉगल कितीही फिरवला तरी काच उजळेना की काळी होईना. पंगत बसली होती, पण ज्याचं तोंड त्याला वाटेल तिकडे. मॅडमनी तिचा हात आपल्या हातात घेतला. "वरून खाली, बाई. उचल. वरून खाली." पुढच्या काचेवर त्या मुलीनं स्वतः गॉगल फिरवला आणि काच काळी होताच तिच्या तोंडून "आई गं" निघून गेलं.

प्रमुखांनी सगळे आलेख शेजारी शेजारी लावून पाहिले. मोठा माणूस होता तो, हे मला त्या क्षणी पटलं. सगळ्यांसमोर ते म्हणाले, "तायडे मॅडम, मी लिहिलेला 'अस्वच्छ' हा शब्द मागे घेतो."

"मागं नका घेऊ सर," मॅडम म्हणाल्या. "दुरुस्त करा. मळकं नाही, खारं."

निबंध मागे घेतला गेला नाही. त्याच्या पुढचा निबंध दोन्ही ठिकाणांच्या नावानं निघाला, आधी मॅडमचं नाव. त्यात मीठ कोणतं, किती, कापड कसं, हात कोणत्या दिशेनं, सगळं आहे, आणि पाण्याच्या मूळ नमुन्याचा पत्ता म्हणून वरवट बकाल छापलेलं आहे. पुण्याच्या त्या प्रयोगशाळेत आता अशा काचेला वरवट काच म्हणतात. ती मुलगी मला पुढं फोनवर सांगत होती, "सर, आमच्याकडे नवीन आलेल्यांना पहिलं हेच शिकवतात, आधी काच वरवटून घे." पुण्याच्या बोलीत आमच्या वऱ्हाडचं एक क्रियापद शिरलं. मराठीचा मास्तर म्हणून एवढा अभिमान मला दुसऱ्या कशाचा वाटलेला नाही. प्राचार्यांनीही फलकावर पुन्हा अभिनंदन लिहिलं.

यंदा मी निवृत्त झालो. साखरखेर्ड्याला परत जाण्याआधी सगळ्यांचा निरोप घेत हिंडत होतो, तसा वरवटलाही गेलो. अंगणात शेवंताबाई बाजेवर बसल्या होत्या. दोरीवर फडकी वाळत होती, वारा असूनही हलत नव्हती. मी "जय भीम माय" म्हटलं, त्यांनी बसायला सांगितलं. पाणी आलं ते गोडं.

मॅडम घरातून तळहाताएवढी काच घेऊन आल्या. फिकट गुलाबी, सगळीकडून सारखी, वर काही नाही. त्यांनी ती उन्हात धरली आणि तो जुना काळा गॉगल मायच्या डोळ्यासमोर आणला.

"काय दिसते, माय?"

"काई नाही. गुलाबी दिसते."

मॅडमनी गॉगल सावकाश फिरवला. शेवंताबाईंनी मान पुढं केली. त्यांचे ओठ हलायला लागले, प्रौढ वर्गात शिकलेली अक्षरं एकेक करून लागत होती. "शे... वं... ता." त्यांनी गॉगल बाजूला करून काच पाहिली. नुसती गुलाबी. पुन्हा गॉगलातून पाहिली. "हे तं माह्यं नाव व्हय."

मॅडमनी मला सांगितलं, सबंध काच उभी पुसली आणि कागद कापून अक्षरांपुरता हात आडवा फिरवला. रंग सगळीकडे एकच, फक्त पंगतीची तोंडं दोन दिशांना. हे त्या मला सांगत होत्या, पण बघत होत्या मायकडे. वशिंड का काटा हे विचारताना रोज दिसायचा तो चेहरा नव्हता तो. निकाल लागायची वाट बघणाऱ्या पोरीचा होता.

शेवंताबाईंनी नाव तीनचारदा वाचलं. मग काच हातात घेतली, जवळ नेली, तिच्यावरून बोट फिरवलं आणि बोट बघितलं. बोटाला गुलाबी लागलं होतं.

"नाव चांगलं निघालं, सुजा," त्या म्हणाल्या. "पन काच मळकी हाये. धुऊन घेय."

मॅडम इतक्या हसल्या की त्यांना बाजेचा आधार घ्यावा लागला. मग त्यांनी मायच्या हातातून काच घेतली, दोरीवरच्या एका ताठ फडक्यात गुंडाळली आणि जपून घरात नेऊन ठेवली. पुसण्याधुण्याच्या बाबतीत मायचं न ऐकण्याची ही त्यांची पहिलीच वेळ असावी.